अनुज्ञेय चूक

सत्तावीस वर्षं मी काटे तपासतो.
मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या, कारखान्यांचे वजनकाटे,
जतपर्यंतचे पेट्रोलपंप. पाच लिटरचं माप भरायचं,
फेस बसू द्यायचा, मानेवरची रेघ वाचायची.
खरा काटा नसतोच, हे खात्यानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
असतो तो ठरल्याइतकाच चुकणारा काटा.
त्यावर मी शिक्का मारतो.

गाडी घेतली तेव्हा ऑफिसात कुजबुज झाली,
वजनमापवाल्याला ही परवडते कशी?
प्रॉव्हिडंट फंडातून, म्हटलं. कागद दाखवले.
नाव इंग्रजी, जन्म थायलंडचा, पासिंग एमएच दहा.
टाकी जुन्या घाटाची, गुडघ्यांना जागा देणारी,
आणि कार्ब्युरेटर दिसतो तो कार्ब्युरेटर नव्हेच.
दस्तगीर जमादारनं बोट लावून बघितलं, हसला:
“सायेब, ही म्हातारी न्हाई.
म्हातारीचं सोंग घेतलेली पोरगी हाय.
पोटात कम्प्युटर. माझा पाना हिला नुसत्या गुदगुल्या करंल.”

विश्रामबागेतले बाळगोंडा चौगुले, वय ब्याऐंशी.
त्यांच्याकडं एके काळी अस्सल विलायती गाडी होती.
फाटकातूनच सल्ला दिला: रात्री खाली पेपर अंथरत जा.
ठिपके मोज. तीन म्हणजे तब्येत बरी,
सहा झाले की दस्तगीरच्या बापाला बोलाव.
मग आठवून म्हणाले, म्हणजे आता दस्तगीरला.

अंथरला. सकाळी कोरडा.
दुसऱ्या दिवशी कोरडा. पावसाळाभर कोरडा.
शेवटी चहाबरोबर तोच वाचायला लागलो,
आदल्या दिवसाचं जग,
एकही डाग नसलेलं.

वही ठेवली. सवयच आहे.
तेल कधी, चेन कधी, मागचा टायर कधी,
कोल्हापूरच्या शोरूमचं बिल (ते हेमलताला दाखवत नाही).
एकेचाळीस हजार किलोमीटर.
बंद पडणे: निरंक.

चौकात लोक विचारतात, किती देते?
मग काच आणखी खाली करून, खरं विचारायचं ते:
दगा देत नाही ना?
नाही, म्हणतो मी.
आणि दर वेळी वाटतं, काटा न तपासताच
शिक्का मारून मोकळा झालो.

चौगुल्यांची गाडी दर रविवारी बंद पडायची.
म्हणून तासगाव रस्त्यावरची घरं त्यांना आतून माहीत.
कवलापुरात प्लग पुसायला धडपा देणारी गौराक्का,
कुमठ्यात मॅग्नेटो शेकला ती चूल.
पुढं त्याच घरची मुलगी भावाला करून घेतली.
मला त्या रस्त्यावर
फक्त स्पीडब्रेकर माहीत आहेत.

मार्चमध्ये, नागज फाट्याच्या अलीकडं, दुपारी दोनला
ती गप्प झाली.
धूर नाही, वास नाही, खडखड नाही.
जुनी गाडी भांडून जायची म्हणे.
ही टेबलावर राजीनामा ठेवून गेली.

दस्तगीर फोनवर: “स्टँड वर हाय का खाली, तेच तिला कळंना झालंय.
स्विचमधी कायतरी गेलंय. ब्रश हाय का?”
ब्रश नव्हता. समोर बेदाण्याची शेड होती.
निवडणाऱ्या बायकांतून ताराबाई कोळेकर उठल्या,
दात घासायचा जुना ब्रश आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या.
स्विचमधून निघाली पिवळी पूड.
हळद. माझ्याच यार्डातली, माझ्याच फेऱ्यांची.
“नवरीला हळद लागलीया की ओ!”
आणि शेडभर बायका हसल्या, मीही,
हेल्मेट काखेत धरून, भर उन्हात.

रात्री वहीत लिहिलं:
थांबली, सत्तेचाळीस मिनिटं. कारण: हळद.
खर्च: निरंक.
बेदाणे मिळाले, ओंजळभर.
वजन केलं नाही.